व्यापार करारात कामगाराच्या वाट्याला काय येतं?

मुक्त व्यापार करारावर वाद सुरू झाला की एक बाजू ‘देशाचा फायदा’ म्हणते, दुसरी ‘देशाचं नुकसान’. मला हा हिशोबच पटत नाही. एकाच करारामुळे एकाला बढती मिळते आणि दुसऱ्याच्या कारखान्याला टाळं लागतं. एकूण बेरीज नफ्याची आली म्हणून त्या दुसऱ्याच्या घरी पगार येत नाही.

कॅनडा आणि अमेरिकेचा करार १९८९ साली लागू झाला. अर्थतज्ज्ञ डॅनियल ट्रेफ्लर यांनी त्याचे परिणाम तपासले. कॅनडातल्या ज्या उद्योगांचं आयात शुल्क सर्वांत जास्त उतरलं, तिथे रोजगार १२ टक्क्यांनी घटला आणि उत्पादकता १५ टक्क्यांनी वाढली. समर्थक दुसरा आकडा सांगतात, विरोधक पहिला. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे: कमी उत्पादकतेचे कारखाने आकसले. कालांतराने रोजगार सावरतो, हेही मान्य. पंचविशीतला माणूस तेवढी वाट बघू शकतो. पन्नाशीला आलेला, एकाच यंत्रावर हात बसलेला आणि घराचे हप्ते फेडणारा माणूस कशी बघणार?

ज्यांची नोकरी टिकते तेही सुटत नाहीत. कॉर्नेल विद्यापीठाच्या केट ब्रॉनफेनब्रेनर यांनी नाफ्टानंतरच्या, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या मुक्त व्यापार करारानंतरच्या काळात अमेरिकेतल्या युनियन बांधण्याच्या प्रयत्नांचा अभ्यास केला. अर्ध्याहून जास्त ठिकाणी मालकांनी कारखाना बंद करण्याची धमकी दिली होती. कारखाना प्रत्यक्षात हलवायचीही गरज नसते, पगारवाढीची मागणी तेवढ्यानेच गप्प होते. हे नुकसान बेरोजगारीच्या आकड्यात दिसत नाही, आणि मला तेच सर्वांत गंभीर वाटतं.

म्हणून दारं लावून घ्या, असं मी म्हणणार नाही. पोलादावर शुल्क वाढवलं की पोलाद कारखान्यातला कामगार वाचतो, पण त्याच पोलादापासून यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचा खर्च चढतो. तिथे राबणाराही कामगारच आहे.

माझा राग आहे तो करार लिहिण्याच्या पद्धतीवर. नाफ्टा १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. कामगारांसाठी वेगळा पूरक करार होता, त्यात ११ तत्त्वं होती. पण दंडापर्यंत जाता येईल अशी त्यातली तीनच: किमान वेतन, बालमजुरी आणि कामाच्या जागची सुरक्षितता. संघटना बांधण्याचा हक्क मोडला, तर मंत्र्यांनी आपसात चर्चा करायची, बस्स. त्याच नाफ्टाने परदेशी गुंतवणूकदाराला मात्र सरकारला थेट लवादापुढे खेचून भरपाई मागायची सोय दिली होती.

ग्वाटेमालाचं प्रकरण तर वाचवत नाही. अमेरिका आणि मध्य अमेरिकेतल्या देशांच्या कराराखाली ग्वाटेमालातल्या आणि अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी २००८ मध्ये तक्रार केली. निकाल लागला २०१७ मध्ये. काही ठिकाणी कामगार कायद्यांची अंमलबजावणी झाली नाही, हे लवादाने मान्य केलं. पण व्यापारावर परिणाम होईल अशा रीतीने हे वारंवार घडल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून ग्वाटेमाला जिंकला. नऊ वर्षं थांबून कामगारांच्या हाती काही आलं नाही.

हे वेगळ्या तऱ्हेनेही होऊ शकतं. नाफ्टाच्या जागी २०२० मध्ये आलेल्या करारात एकेका कारखान्याविरुद्ध तक्रार करून झटपट चौकशी करायची तरतूद आहे. मेक्सिकोतल्या सिलाओच्या मोटार कारखान्यात वेतन करार ठेवायचा की नाही यावर जुन्या युनियनने घेतलेल्या मतदानात गैरप्रकार झाले, तेव्हा मे २०२१ मध्ये अमेरिकेने ती वापरली. ऑगस्टमध्ये कामगारांनी जुना वेतन करार मतदानाने फेटाळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र युनियन निवडली. त्याच वर्षी त्यांना साडेआठ टक्के पगारवाढ मिळाली. व्यापार करार ग्वाटेमालातही होता आणि मेक्सिकोतही, फरक कलमांचा होता.

नोकरी गेलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आयातीमुळे काम गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी योजना अमेरिकेने १९६२ मध्ये सुरू केली. संसदेने मुदत वाढवली नाही, म्हणून जुलै २०२२ मध्ये तिचे नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. बहुतेक व्यापार करारांना मात्र अशी दरवेळी मुदतवाढ मागावी लागत नाही. कुठली वस्तू, कुठल्या वर्षी, किती शुल्क, हे सगळं करारात दहा-पंधरा वर्षांपुढचं छापलेलं असतं. त्याच परिशिष्टात, त्याच वर्षांसमोर, कामगारांच्या निधीचा रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय त्या वर्षीचं शुल्क उतरू नये, ही माझी मागणी आहे.