बिशपची मुद्रा म्हणजे बोटातली अंगठी नव्हे

मध्ययुगातले बिशप पत्राच्या घडीवर लाल लाख ओतून त्यावर बोटातली अंगठी दाबत, असे वर्णन सध्या फिरते आहे. त्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक लाखेची. आपल्या लाखेच्या किड्यापासून बनलेली लाख युरोपात मोहरांसाठी वापरात आली ती 16व्या शतकात. त्याआधी इंग्लंड-फ्रान्समध्ये मधमाशीचे मेण वापरत. नुसते मेण मऊ पडते, म्हणून त्यात राळ घालत. प्रमाण साधारण दोन भाग मेण, एक भाग राळ. लाल रंग हिंगुळाचा, हिरवा तांब्याच्या जंगालाचा.

दुसरी चूक अंगठीची. बिशपच्या मुख्य मुद्रेचा साचा पितळेसारख्या मिश्रधातूचा किंवा चांदीचा, दोन्ही टोकांना निमुळता, बहुधा 7-8 सेंटिमीटर लांब. त्यावर उभा बिशप, डोक्यावर उंच टोपी, डाव्या हातात दंड, उजवा आशीर्वादासाठी उचललेला. एवढा ठसा घडीवर मावणार कसा? चर्मपत्राची खालची कड दुमडायची, चिरा पाडायच्या, त्यातून चर्मपत्राची पट्टी ओवायची आणि तिच्याभोवती मऊ केलेले मेण धरून साचा दाबायचा. मोहर दस्ताखाली लोंबते. पत्र बंद करण्यासाठी नव्हे, दस्त खरा ठरवण्यासाठी. अंगठीसारखी लहान मुद्रा कधीकधी याच मेणाच्या पाठीवर उमटवत, नक्कल करणे अवघड व्हावे म्हणून.

बिशप वारला की साचा मोडत, नाहीतर मृताच्या नावाने दस्त निघाले असते. इंग्लंडमधल्या डरहमचे बिशप रिचर्ड द बरी 1345 मध्ये वारल्यावर त्यांच्या चांदीच्या मुद्रा मोडून चषक घडवला गेला.

पोपच्या फर्मानांना तर मेण नसे, शिसे असे: एका बाजूला संत पीटर आणि संत पॉल, दुसरीवर पोपचे नाव.