डिचोलीचा फिल्टर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावाने लिहिलं, "गोव्याच्या पैशाने कुणाला परदेशात शिकायला पाठवू नये. गेलेले परत येत नाहीत, वर तिथून आम्हाला खाणी बंद करा म्हणून सांगतात." नाव घेतलं नाही, पण डिचोलीहून अमेरिकेत आयोवाला पर्यावरण आणि कामगारांचं आरोग्य शिकायला आलेली आमच्या घरात मी एकटीच. तीन दिवस मी उत्तर लिहून पुसत होते.

माझ्या शिक्षणावर गोव्याचा एक पैसा खर्च झालेला नाही. इथल्या सरकारचा पैसाही सहज हाती येत नाही. या विषयाच्या केंद्रांना नायॉश, म्हणजे कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी इथली सरकारी संस्था, शिष्यवृत्त्यांसाठी निधी देते, फी आणि स्टायपेंडसकट, पण त्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. एमपीएचची, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीची, फी तर बहुतेकांना स्वतःच भरावी लागते. घर गहाण ठेवून एमपीएचला निघालेल्या गोव्यातल्या मुलींचे मला फोन येतात. त्यांना मी सांगते, एमएस किंवा पीएचडी बघ, अर्जाआधी प्राध्यापकांना मेल कर, प्रकल्पात पैसा आहे का ते सरळ विचार. मला तसंच मिळालं. आठवड्याला 20 तास काम, त्याबदल्यात फी माफ, विमा आणि महिन्याचा खर्च.

ते काम म्हणजे धान्यकोठारातली धूळ मोजणं. पहाटे कामगाराच्या कमरेला पंप बांधायचा, टोकाला फिल्टर असलेली नळी कॉलरला अडकवायची, आठ तासांनी फिल्टर काढून वजन करायचं. इथे फिल्टर पिवळसर निघतो. डिचोलीत तो तांबडा निघेल, हे मला न मोजताही माहीत आहे. खनिजाचे ट्रक चालू होते तेव्हा आई दिवसातून तीनदा ओटा पुसायची, कपडे माजघरात वाळत घालायची, तुळशीचं पान न् पान धुवायची.

मावसभावाचा राग मला कळतो. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा त्याच्याही अंगणात दोन ट्रक उभे होते आणि बँकेची माणसं दारात. पण धूळ मोजणं म्हणजे खाण बंद पाडणं, हे त्याला कुणी सांगितलं? ओशाने, म्हणजे अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने, 2016 मध्ये सिलिकाची, म्हणजे दगडाच्या फुफ्फुसाला घातक बारीक धुळीची, मर्यादा घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅमवर आणली. त्याने इथली कामं थांबली नाहीत, पाणी मारून करायला लागले. आपल्याकडे खाणकामगाराची ठरावीक काळाने तपासणी व्हावी, असा नियम आहे. बाबा मात्र खाणीचे कामगार नव्हते. कर्जाने घेतलेला स्वतःचा ट्रक ते खाणीपासून जेटीपर्यंत चालवायचे, उकाड्यामुळे काच खाली करून. त्यांची छाती कुणी, कधी तपासायची?

आणि पैसा नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोव्यातल्या खनिजविक्रीतले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले. खाणग्रस्त भागासाठी पैसा ठेवणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा कायदा 2015 चा, आणि आरोग्य व शिक्षण हे त्या पैशाच्या अग्रक्रमाचे विषय. त्यातून डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोड्यातली दोन मुलं दरवर्षी या शिक्षणाला पाठवा. परत यायची अट घाला, माझी हरकत नाही. फक्त आल्यावर त्यांना बसायला जागा ठेवा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, फुफ्फुसं तपासायची सोय आणि धूळ तोलणारी एक प्रयोगशाळा, एवढं तरी. पदच नसेल तर ती मुलं परत येऊन करतील काय?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मावसभावाने उत्तरादाखल 2025 च्या एप्रिलची बातमी टाकली, नायॉशच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढण्याच्या नोटिसा गेल्याची. "तुझी अमेरिका बघ," एवढंच खाली. मला झोंबलं. ती नोटीस आलेल्या एकाकडे मी पंप लावायला शिकले होते.

एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिली नाही. प्रवेशअर्जासोबतच्या निबंधाची माझी पहिली ओळ बाबांच्या खोकल्याची होती, आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्या ओळीवर आले. त्या खोकल्यावर मी इथवर आले. सात वर्षं झाली, इथल्या तराजूवर डिचोलीचा एकही फिल्टर मी ठेवलेला नाही. गेलेले परत येत नाहीत, हे त्याने माझ्याबद्दल लिहिलं असेल तर खोटं लिहिलेलं नाही.

चवथीला फोन केला तेव्हा मागून खोकला ऐकू येत होता. बाबांना विचारलं, एक्स-रे काढलात का?

"तू येशील तेव्हा काढू," म्हणाले.