दशमग्रह बॉनेटखाली

इंदूरच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, साध्या पेट्रोल गाडीत बाहेरून आणलेला टर्बो बसेल का? उत्तर ठरलेलं: "हो जाएगा भिया." काय होणार, कधी होणार आणि कोणाचं होणार, हे त्यात कुठेच नसतं, म्हणून हे आश्वासन कधी खोटं ठरत नाही.

टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हा एक सुटा भाग, असा आपला समज. मी त्याला जावई म्हणतो. स्वतः जेमतेम फुलक्याएवढा, पण यायचा म्हटलं की घरातल्या सगळ्यांनी सरकून बसायचं. बॅटरी लहान घ्या, एअर फिल्टर बंपरमागे हलवा, रेडिएटरचा जाड पंखा काढून चपटा लावा, एसीचा पाइप वाकवा. त्याला येणारं तेल वेगळं, जाणारं तेल वेगळं, पुष्कळदा पाणीही लागतं. धुराचा कान तापलेला, हवेचा कान मात्र गार राहायला पाहिजे. आणि मान राखला नाही तर अख्खं इंजिन घेऊन रुसतो.

म्हणून टर्बो विकत घेण्याआधी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. टर्बोच्या मापाचा खोटा टर्बो करा आणि तो आत सगळीकडून फिरवून बघा. चहूकडून २० ते २५ मिलीमीटर मोकळी जागा हवी. इतकी कशाला, असं बंद इंजिनाकडे बघून वाटतं. पण इंजिन रबरी माउंटिंगवर टांगलेलं असतं; ॲक्सिलरेटर दाबला की झोपाळ्यासारखं डुलतं, आणि टर्बो त्याच्याबरोबर. उभ्या गाडीत न लागणारा पाइप पहिल्याच चढावर रेडिएटरला मुका देतो. बॉनेटखालची उंची मोजायला टेप उपयोगाचा नाही. टर्बोवर प्लास्टिकचा कागद ठेवून त्यावर कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट हळूच लावा, उघडा आणि चपटलेल्या कणकेची जाडी मोजा. घट्ट मळलेली कणीक, पोळ्यांची सैल नको. घरात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

जुना मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा जोडपाइप, काढणं हा वेगळाच अध्याय. बाराच्या पान्याचे नट असतात. पहिले सगळे सुटतात; शेवटचा, जिथे हात पोचत नाही तिथला, स्टडसकट, म्हणजे ज्यावर तो बसतो त्या आट्यांच्या दांड्यासकट, तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी आधी जरासा आवळा आणि मग सोडवा. तुटलाच तर बरोबर मध्यावर भोक पाडावं लागतं. त्या भोकात घालून तुकडा बाहेर काढायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो. तो आत मोडला तर ड्रिलही त्याला काही करू शकत नाही.

आता जावयाला कुठल्या दिशेला तोंड करून बसवायचं? मधल्या बेअरिंगच्या भागात तेल वरून येऊन सरळ खाली पडलं पाहिजे. मग दोन्ही बाजूंचे शिंपले, म्हणजे हाउसिंग, जागेप्रमाणे फिरवून घ्यायचे. बोल्ट सैल करा, काढू नका; शिंपला तिरका ओढला की पाती वाकलीच म्हणून समजा. शिवाय वेस्टगेटचा, म्हणजे जास्तीचा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेचा, दांडा बहुधा थंड शिंपल्यावरच्या ब्रॅकेटला अडकवलेला असतो. शिंपला फिरला की दांडा वाकडा, दांडा वाकडा की झडप अडते. म्हणजे ब्रॅकेट नवं करा.

या सगळ्यातून पार पडलेली माणसंही तेलापाशी हरतात. तेल आत येतं पंपाच्या दाबाने; त्याला ४ मिलीमीटरची नळी पुरते. बाहेर जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने, आणि तेही मिनिटाला लाखभर फेऱ्यांपुढे गेलेल्या शाफ्टने घुसळलेलं, ताकासारखं फेसाळलेलं. फेसाला वाट रुंद लागते. आतून १६ मिलीमीटरची नळी, सतत उतरती, कुठेही खोलगट वळण नाही, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेलाच्या पातळीच्या वर तिचं तोंड. जागा नाही म्हणून नळी एसीच्या पाइपावरून उडी मारून नेली की संपलं. कारण टर्बोत रबरी सील नसतं. पिस्टनच्या रिंगसारखी बारीक रिंग असते. तिच्यापाशी तेल साचलं की ती अडवत नाही. मागून निळा धूर निघतो. मिस्त्री म्हणतो, "टर्बो गया." टर्बो ठणठणीत असतो, मोरी तुंबलेली असते!

या नळीसाठी चेंबर न उतरवता त्याला भोक पाडून देणारे आहेत. ड्रिलला ग्रीस लावलं की कीस आत जात नाही, असं ते सांगतात. थोडाच जातो, पण त्याला फार लांब जायचं नसतं. चेंबर उतरवा, ॲल्युमिनियमचं असेल तर इंदूरच्या सांवेर रोडवर आर्गन वेल्डिंग करून घ्या, धुवा, मग बसवा.

येणारं तेल ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून घेतात. जपानी घराण्याच्या गाड्यांत तिथे बहुधा पाव इंचाच्या निम्म्या मापाचे ब्रिटिश आटे असतात, इंचात २८. अमेरिकी फिटिंगला त्याच मापात २७. एका आट्याचा फरक. सुरुवातीला गोडीने जातं, मग अडतं, मग आपण जोर लावतो, मग ब्लॉक चिरतो. आणि तेलाच्या जोडाला सिलिकॉन थापू नका. आत सुटलेला त्याचा एक गोळा नळी बुजवायला पुरतो.

इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी, बंपरमागे बसतो, त्यात विशेष काही नाही. फक्त पाइपांच्या तोंडाला कडा हवी आणि टी-बोल्टच्या क्लिपा. रेडिएटरची साधी क्लिप दाबाखाली सुटते.

खरा पाहुणचार पुढेच. साध्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, आधीच १० च्या पुढे. त्यावर ०.४ बारपेक्षा जास्त बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा हवेचा दाब, मागणं म्हणजे जेवून उठलेल्याला श्रीखंडाचा आग्रह. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर १०.२५ कॉम्प्रेशनसह टर्बो घेऊन आली. नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, टाळायला पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून पाजावं लागे. मालक टाकी भरायला विसरत. पुढे कित्येकांचे टर्बो काढून साधा कार्बोरेटर लावून दिला गेला. आपल्या गाडीचा मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, तोही बाहेरच्या हवेच्या दाबापुढे फारसं मोजत नाही. बूस्ट आला तरी ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, पत्ताच नाही. मोठा सेन्सर, मोठे इंजेक्टर, नवीन ट्यून, बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण १२ च्या आसपास, आणि टाकीत ९५ ऑक्टेन. यातलं एकही टाळलं तर पिस्टन गेलाच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असले बदल मान्य करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्टच सांगितलं. दंड बदलागणिक ५००० रुपये आणि कैदेचीही तरतूद. टर्बो एक, इंटरकूलर दोन, चपटा पंखा तीन? हा हिशेब रस्त्यावर उभं राहून करण्यासारखा नाही. त्यामुळे अशी गाडी ट्रॅकवरच शोभते. तसंही राजवाड्याजवळच्या गर्दीत इंजिन बूस्टपर्यंत पोचणार कधी?

पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टर आणि इग्निशनचे फ्यूज काढून नुसता स्टार्टर थांबून थांबून मारा, परतीच्या नळीतून तेल पडेपर्यंत. मग फ्यूज लावून सुरू करा, नुसतं संथ चालू द्या, प्रत्येक जोडावर टॉर्च फिरवा. ५०० किलोमीटरनंतर तेल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. फिल्टर शोधायला त्रास नाही. नव्या डाउनपाइपच्या, म्हणजे टर्बोतून धूर खाली नेणाऱ्या पाइपाच्या, बरोबर मागे आहे. डाउनपाइप काढायला टर्बो काढावा लागतो.