‘गोळी जितकी कडक, तितकी नळी स्वच्छ’: हे खरं नाही

घरी ओतलेल्या शिशाच्या गोळीने रिव्हॉल्वरच्या नळीत शिसं चिकटलं की ‘मिश्रण अजून कडक करा, लिनोटाइप (छपाईची अक्षरं ओतायचं कडक शिसं-मिश्रण) घाला’ असा सल्ला अमेरिकेतल्या हौशी लोकांत सर्रास फिरतो. .38 स्पेशलसारख्या कमी दाबाच्या काडतुसात तो बहुधा उलटतो, शिवाय लिनोटाइप महाग.

खरा प्रश्न मापाचा आहे. गोळी नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या व्यासापेक्षा बारीक असेल तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं वितळवतो आणि ते पुढे नळीला थापतो. मऊ गोळी दाबाने थोडी फुगून ही फट बुजवते. 22 ब्रिनेलचं (ब्रिनेल हे कडकपणाचं माप) लिनोटाइप या दाबाला फुगत नाही. गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावायच्या जुन्या वजनांचं, साधारण 12 ब्रिनेलचं शिसं इथे पुरेसं कडक असतं.

आधी रिकाम्या सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या, पुढच्या तोंडांतून गोळी ढकलून बघा. बोटाच्या दाबाने सरकली तर ठीक, आपसूक खाली पडली तर ती बारीक आहे. नळीच्या खाचा .357 इंच असतील तर तोंडं आणि गोळी .358 हवीत. तोंडंच .356 असतील तर जाड गोळीही तिथेच चेपून बारीक होते. मग मिश्रणाला दोष देऊन काय उपयोग?

शिसं कुठे चिकटलंय तेही बघा. सिलिंडरजवळ असेल तर माप चुकलंय, टोकाकडे असेल तर बहुधा गोळीवरचं वंगण संपलंय.

भारतात मात्र परवान्याशिवाय काडतुसं बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे.