चाळिशीतल्या फौंड्रीला कुठला पैसा मानवेल?

गेल्या रविवारी कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून मामांचा फोन आला. "पोरगं म्हणतंय, एसएमई आयपीओ आणूया. तू जर्मनीत असतोस, तुझं काय मत?" एसएमई आयपीओ म्हणजे छोट्या कंपनीनं शेअर बाजारात मालकीचा हिस्सा विकून पैसे उभे करणं.

मामांनी 1986 साली उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात फौंड्रीची, म्हणजे ओतकामाची, भट्टी पेटवली ती मामींचे दागिने गहाण टाकून आणि दोन भिशा उचलून. बँकेनं दारात उभं केलं नाही. ना ताळेबंद, ना तारण. बँकेचं फार चुकलं असं मला वाटत नाही. पुढे पतसंस्था, मग सीसी (बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज), मग मशीनवर टर्म लोन. शिरोलीचा प्लॉट मात्र नफ्यातून घेतला. धंद्याचं वय वाढलं तसा पैसा येण्याचा रस्ता बदलत गेला.

मी स्टुटगार्टजवळ ज्या कास्टिंग कारखान्यात आहे, तिथं चौथी पिढी मालक आहे. नफा धंद्यातच राहतो, कमी पडेल ते गावची बचत बँक देते. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी बॉश इथलीच, 1886 ची. तिची भारतातली कंपनी आपल्या शेअर बाजारात आहे, मूळ कंपनी नाही. तिचं सुमारे 94 टक्के भांडवल एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे. पण नवी कल्पना घेऊन आलेल्या तरुणाला जोखमीचं भांडवल मिळवताना इथं घाम फुटतो. ते आपण उचलू नये.

मामांना विचारलं, आयपीओचे पैसे कशाला हवेत? "खेळतं भांडवल." इथंच मला वाईट वाटलं. ते पैसे मामांचेच आहेत, गिऱ्हाइकाकडे अडकलेले. 2006 च्या कायद्यानं लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मामा ते कधीच मागत नाहीत, ऑर्डर जाईल म्हणून. म्हणजे स्वतः सीसीचं व्याज भरून मोठ्या कंपनीला बिनव्याजी उधारी! हे भोक बुजवायला चाळीस वर्षांची मालकी विकायची?

बिलं ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, टाकली तर बँका बोली लावून लगेच पैसे देतात, तेही खरेदीदाराची पत पाहून. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची झाली आहे; बिल मान्य करायला मात्र त्यांच्या मागे लागावं लागतं. ते पोरानं करावं. उद्या मशीन शॉप टाकून निर्यातीत उडी घ्यायची असेल, तर आयपीओला माझीही हरकत नाही.

"मग आधी काय करू?" मामांनी विचारलं. थकलेल्या बिलांची यादी तारखांसकट पाठवा म्हणालो. संध्याकाळी आली. सगळ्यात जुनं बिल 132 दिवसांचं होतं.