वाटीत उरलेला बोल्ट

रविवारी सकाळी दारातच गाडीचं काम काढायचं, दुपारी ते उरकायचं आणि संध्याकाळी उघड्या बॉनेटसमोर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, हा कोल्हापुरातल्या बऱ्याच गल्ल्यांचा कार्यक्रम. उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या गावात 'चार प्लग साफ करायला मेस्त्री कशाला?' हा प्रश्न कुणालाच आगाऊ वाटत नाही. प्लग साफ होतातच. गाडी तेवढी चालू होत नाही.

बॉनेट पाच मिनिटं उघडं राहिलं की गल्ली जमते. "भावा, पेट्रोल हाय न्हवं?" "सेन्सर गेला असणार बघ." आणि तिसरा सल्ला देत नाही, थेट मागं जाऊन हात लावतो, "चला, ढकलूया!" मी मात्र एवढंच विचारतो, सकाळी चालू होती ना? मग तेव्हापासून हात कुठंकुठं घातला ते आठवा. पंप, स्टार्टर, कॉम्प्युटर ही मंडळी मुहूर्त बघून नेमकी त्याच रविवारी जात नाहीत.

आधी ढकलणाऱ्याला थांबवा. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतो त्या गाडीत, बॅटरी पार मेली असेल तर पंप आणि कॉम्प्युटरलाच वीज मिळत नाही. पंचगंगेपर्यंत ढकलत नेली तरी घाम गाडीचा निघत नाही, आपलाच निघतो. ऑटोमॅटिक असेल तर तोही व्यायाम फुकट.

आता किल्ली फिरवा आणि गप्प राहून ऐका. (गल्लीला गप्प करणं हा यातला सगळ्यात अवघड भाग.) 'टकटकटकटक' अशी माळ लागली तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवसभर दारं उघडी, आतला दिवा चालू आणि कामाला जोर यावा म्हणून गाणी. बॅटरीनं करायचं काय? मल्टिमीटर लावा. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना आकडा 9.6च्या खाली घसरला तर आधी चार्जिंग, मग बाकीची चर्चा. टर्मिनल हातानं पिळून बघा. हललं तर दोष सापडला, 10 नंबरचा पाना घ्या. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशनं घासा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला की दिवाळी तिथंच.

सेल्फ गरागरा फिरतोय पण गाडी पेट घेत नाही, तर मग हात घातलेल्या जागी परत जा. प्रत्येक प्लगवर ठिणगीची वेगळी कॉइल असेल तर तिचा कपलर, म्हणजे वायरीचा प्लास्टिकचा जोड, 'टक्' करून बसलाय का बघा. नुसता टेकवलेला कपलर बसल्यासारखाच दिसतो, लबाड. जुन्या गाडीत प्लगच्या वायरींची अदलाबदल होते. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांचा ठिणगी पडायचा क्रम 1-3-4-2, पण वायरी काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढला असता तर हे पाठ करावंच लागलं नसतं. प्लग हातातून फरशीवर पडला असेल तर त्याचं टोक दबून ठिणगीची फट, म्हणजे गॅप, मिटतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो 0.8 ते 1.1 मिलिमीटर लागतो. एअर फिल्टरचा डबा काढला होता? मग त्याच्या सेन्सरचा कपलर आणि बारका व्हॅक्यूम पाइप तपासा.

पेट्रोलचा वास येतोय म्हणजे गाडी 'ओव्हर' झाली. ॲक्सिलरेटर तळाला दाबून सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या तेव्हा पेट्रोल सोडणं थांबवतात आणि प्लग सुकतात. मात्र एका दमात 10 सेकंदांपेक्षा जास्त नको, मग मिनिटभर विश्रांती. स्टार्टरची मोटर पैलवान नाही, लगेच तापते. डिझेलचा फिल्टर बदलला असेल तर लाइनमध्ये हवा शिरते. हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबत राहा.

राहिला तो एकच जाड आवाज, 'टक्', आणि पुढं शांतता. इथं स्टार्टर खोलायची घाई सगळ्यांना होते. मी आधी अर्थिंग बघतो, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडी-इंजिनला जोडणारी पट्टी. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारायचा. गाडी चालू झाली तर स्टार्टर निर्दोष, अर्थची पट्टी गुन्हेगार.

आणि मग काढलेले बोल्ट ठेवायला स्वयंपाकघरातून न विचारता आणलेली ती स्टीलची वाटी आठवते. तळाला एक बोल्ट. गल्लीचं म्हणणं, "कंपनीनं जादा दिला असंल." कंपनी फूटमॅटसुद्धा जादा देत नाही, बोल्ट कुठला देते! बॅटरीचा ट्रे उचलावा तर खाली अर्थची पट्टी नुसतीच लोंबकळत असते, शेजारी रिकामं भोक.

बोल्ट आवळा. सेल्फ मारायच्या आधी गिअर न्यूट्रलला आहे ना बघा आणि मागं एकदा नजर टाका. तो तिसरा अजून डिकीला हात लावून उभाच असतो.