तीन मिलिमीटरच्या चौकटीत शब्दकोडं मावत नाही

सांगली, मिरज, कुपवाड इथल्या ज्येष्ठांच्या बऱ्याच व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय. सोबत दोन पडद्यांच्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या एका छोट्या यंत्राचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: ‘आजी-आजोबांना आता वर्तमानपत्रातलं शब्दकोडं नको! परदेशात गाजलेला हा शब्दकोड्यांचा व्हिडिओ गेम घ्या. हजारावर कोडी, कधी संपत नाहीत. अक्षरं स्पष्ट, डोळ्यांना त्रास नाही. चूक लगेच कळते. कागद वाचतो. नातवंडांचं इंग्रजी सुधारतं. रोज वीस मिनिटं खेळलं की स्मृतिभ्रंश होत नाही. लवकरच मराठीतही!’

फोटोतलं यंत्र निन्टेन्डो डीएस. २००४ मध्ये बाजारात आलेलं आणि आता बंद झालेलं. म्हणजे जुनं, वापरलेलंच मिळणार. आमच्या नात्यात एकीकडे ते आहे, मुलानं परदेशातून धाडलेलं, इंग्रजी शब्दकोड्यांच्या कार्ट्रिजसकट (यंत्रात खोचायची खेळाची छोटी डबी). ती कार्ट्रिज मी मन लावून वापरली, त्यातली कोडी शेवटपर्यंत सोडवली. शिवाय आमच्या वाचक गटासाठी मराठी शब्दकोडी मी स्वतः रचते. त्यामुळे हा संदेश वाचून मला गप्प बसवत नाही. ओळखीतल्या दोन घरांत तो वाचून आईवडिलांसाठी यंत्राची शोधाशोध सुरू झाली आहे, आणि एका घरात वर्तमानपत्र बंद करायची भाषा.

स्मृतिभ्रंशाचा दावा आधी घेते, कारण लोक पैसे काढतात ते त्याच वाक्यावर.

या समजुतीचा उगमही याच यंत्रापाशी सापडतो. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातले मेंदूसंशोधक रयुता कावाशिमा यांच्या नावानं २००५ मध्ये निन्टेन्डो डीएसवर मेंदूच्या व्यायामाचा एक खेळ आला आणि तो जगभर खपला. तेव्हापासून ‘खेळा आणि मेंदू तरुण ठेवा’ ही जाहिरातीची भाषा रूढ झाली. पुढे काय झालं ते संदेशात येत नाही. २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ११,४३० लोकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम करून ही माणसं त्या-त्या खेळात तरबेज झाली, पण त्या खेळाबाहेरच्या बौद्धिक कामांत त्यांची प्रगती दिसली नाही. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेनं ल्युमॉसिटी हे मेंदूच्या खेळांचं ॲप चालवणाऱ्या कंपनीवर, वयोमानानुसार येणारी विस्मृती थोपवण्याचे निराधार दावे केल्याचा आरोप ठेवला आणि ते प्रकरण २० लाख डॉलरवर मिटलं.

आता शब्दकोड्यांच्या बाजूनं जे आहे तेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वृद्धांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास आहे. त्यातल्या ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांच्यापैकी शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्मरणशक्ती वेगानं घसरायला सुमारे अडीच वर्षं उशिरा सुरुवात झाली. पण ‘उशिरा’ म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे. या सगळ्यांना स्मृतिभ्रंश झालाच होता. आणि आयुष्यभर वाचत आलेली माणसंच शब्दकोड्यांकडे वळतात, तेव्हा श्रेय कोड्याचं किती आणि वाचनाचं किती, हे अशा निरीक्षणातून वेगळं काढता येत नाही.

दुसरा अभ्यास २०२२ चा, कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांतला. विसराळूपणाची सौम्य लक्षणं आधीच असलेले १०७ जण घेतले. काहींना संगणकावर शब्दकोडी दिली, काहींना मेंदूच्या व्यायामाचे खेळ. ७८ आठवड्यांनंतर शब्दकोडीवाल्यांची स्थिती थोडी बरी होती. ही मला मनापासून आनंदाची बातमी वाटते, आणि पडद्यावर सोडवलेलं कोडं म्हणजे वायाच, असं मला म्हणताही येत नाही. तरी हा प्रयोग आजार टाळण्याचा नव्हता, काहीच न करणारा तिसरा गट त्यात नव्हता आणि फरक लहान होता. ‘होत नाही’ हे दोन शब्दांचं आश्वासन यातून कुठूनही निघत नाही.

घरात कुणाचा विसर वाढला असेल तर यंत्र शोधण्याआधी डॉक्टर गाठा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही माणूस विसरभोळा होतो, आणि त्यावर उपचार आहेत. कानानं कमी ऐकू येत असेल तर तेही तपासून घ्या. संदेशातलं ते वाक्य वाचून कुणी या तपासण्या पुढे ढकलल्या, तर होणारं नुकसान खरं असेल.

‘अक्षरं स्पष्ट, डोळ्यांना त्रास नाही.’ इथे साधं गणित पुरतं. यंत्राचा प्रत्येक पडदा तिरका मोजला तर ३ इंच, म्हणजे उंची साधारण ४६ मिलिमीटर. अमेरिकी वर्तमानपत्रांतलं रोजचं कोडं १५ बाय १५ चौकोनांचं असतं. ४६ भागिले १५: एका चौकोनाला जेमतेम ३ मिलिमीटर. तांत्रिक बाजूनं पाहिलं तर पडद्यावर उभे १९२ ठिपके आहेत, म्हणजे एका चौकोनाला १२. त्या १२ ठिपक्यांत कोपऱ्यातला क्रमांकही बसवायचा आणि अक्षरही. उपाय म्हणून कार्ट्रिजमध्ये कोडं मोठं करून बघायची सोय होती. पण मोठं केलं की कोड्याचा एक तुकडाच दिसतो. आडवा शब्द कुठे संपतो ते बघायला सरकवा, सूचना वाचायला पुन्हा दुसरीकडे नजर न्या. सत्तरीतल्या माणसाचा अर्धा वेळ सरकवण्यातच जातो. याच यंत्राचं ४.२ इंची पडद्याचं मॉडेलही पुढे निघालं, पण त्यातही ठिपके तेवढेच. अक्षर मोठं दिसतं, सुबक होत नाही.

‘हजारावर कोडी, कधी संपत नाहीत.’ संख्या खरी असेल. पण कोडी कुणासाठी रचलेली, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

शब्दकोडं जन्मलंच वर्तमानपत्रात. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांनी ते पहिल्यांदा छापलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १९४२ मध्ये सुरू केलं. तिथे सोमवारचं कोडं सर्वांत सोपं असतं आणि शनिवारपर्यंत अवघड होत जातं. म्हणजे ते रचणाऱ्याला वाचक माहीत असतो, दिवस माहीत असतो, कालच्या अंकात काय होतं तेही माहीत असतं. अमेरिकी रचनेचे नियम कडक. प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसलंच पाहिजे, तीन अक्षरांहून लहान शब्द नको, आणि चौकट अर्धी फिरवली तरी काळे चौकोन जागच्या जागी दिसले पाहिजेत. या नियमांत अडकलेल्या कोपऱ्यातून सुटायला रचणारे स्वरांनी भरलेले छोटे शब्द पुन्हा पुन्हा वापरतात: ईरी सरोवर, ओरिओ बिस्किट, बेसबॉलमधली ईआरए नावाची सरासरी. तिकडच्या माणसाला हे पाठ असतं. तासगावच्या निवृत्त शिक्षकाला त्यातलं निम्मं यायचं नाही, आणि ते न येणं हा त्यांच्या बुद्धीचा दोष नाही.

मी गटासाठी लिहिलेल्या सूचना बघा. ‘तासगावचा सुकामेवा (३)’: बेदाणे. ‘चांदोलीच्या धरणाची नदी (३)’: वारणा. ‘सांगलीच्या जुन्या पुलाला नाव दिलेले व्हाइसरॉय (४)’: आयर्विन. ‘१८४३ मध्ये सांगलीत सीतास्वयंवर रंगभूमीवर आणणारे नाटककार (४)’: विष्णुदास. यातलं एखादं उत्तर शेजारच्या काकांना येतं, एखादं त्यांच्या सुनेला, आणि मग जिन्यात त्यावर चर्चा होते. हजार परकी कोडी यातलं एक काम करत नाहीत. म्हणून ती कार्ट्रिज मला निराशाजनक वाटली. कोड्यांच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. ती आमच्यासाठी नव्हतीच.

नातवंडांच्या इंग्रजीचंही तसंच. शाळेच्या पुस्तकात ‘कलर’मध्ये यू आहे, या कोड्यांत तो नाही. मुलानं यू घातला तर यंत्र चूक दाखवणार. इंग्रजी मुरलेल्या मोठ्यांना अमेरिकी कोडं रंजक वाटेल, पण सातवी-आठवीतल्या मुलाला आधी गोष्टींची पुस्तकं द्या.

‘चूक लगेच कळते’ हा गुण म्हणून सांगितला आहे, आणि माझा सर्वांत जास्त जीव इथेच तुटतो. कार्ट्रिजमध्ये चुकीचं अक्षर लगेच लाल होई आणि दंड म्हणून वेळ वाढे. त्यातून पडद्यावर काडीनं काढलेला माझा यू तिला व्ही वाटायचा आणि तो दंड मलाच. पण ओळख अचूक असती तरी आक्षेप राहिलाच असता. कागदावर चुकीचा शब्द निवांत बसून राहतो. त्याच्या आधारावर आपण दुसरा भरतो, तिसऱ्याला अडतो, मागे वळतो, आणि कुठला शब्द खोटा बोलतोय ते स्वतः हुडकून काढतो. हा हुडकण्याचा भाग काढून घेतला की उरतं ते अक्षरं भरणं. आमच्या गटातल्या एक आजी पेन्सिलनं सोडवतात, शंका असलेल्या शब्दाखाली टिंब देतात आणि दुपारी परत बसतात. त्यांना कुणी आधी उत्तर सांगितलं तर त्या रागावतात. त्यांचं बरोबर आहे.

कागद वाचतो? वर्तमानपत्र बातम्यांसाठी घरात येतंच. पुढे जाते.

शेवटचा दावा, ‘लवकरच मराठीतही’. निन्टेन्डो डीएसच्या मूळ भाषा जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि इटालियन. यंत्राचं उत्पादन थांबलेलं आहे. त्यावर आता मराठी येईल अशी आशा कुणी लावून घेऊ नये. पण दुसऱ्या एखाद्या यंत्रावर किंवा फोनवर खरंच मराठी कोडी आणायची कुणाची इच्छा असेल, तर काय लागेल ते रचणारी म्हणून सांगते.

इंग्रजीत चौकोनात येऊ शकतात २६ अक्षरं. आपल्याकडे चौकोनात पूर्ण अक्षर येतं, काना-मात्रेसह, जोडाक्षरासह. बाराखडीच चारशेच्या पुढे जाते, जोडाक्षरं वेगळी. ‘विष्णुदास’मधलं ‘ष्णु’ आपल्यासाठी एक घर, पण संगणकाच्या हिशेबी ती चार चिन्हं: ष, हलन्त, ण आणि उकार. एका घरात एकच चिन्ह, अशा इंग्रजी साच्यावर मराठी चिकटवली तर पहिल्याच जोडाक्षराला कोडं फुटतं. छेदाची गोष्ट आणखी नाजूक. ‘कृष्णा’ आडवा घातला आणि ‘ष्णा’वरून उभा शब्द न्यायचा झाला तर माझ्या हाताशी ‘तृष्णा’ आहे, ‘निष्णात’ आहे, पुढे ओढाताण सुरू. ‘विष्णुदास’मधला ‘ष्णु’ ऱ्हस्व, सुटा ‘विष्णू’ लिहिला की दीर्घ. म्हणून हे दोन शब्द त्या घरात एकमेकांना छेदूच शकत नाहीत. आमच्या गटात यावरून वाद झालेत, आणि मी शुद्धलेखनाच्या बाजूनं उभी राहिले. मराठी कोड्यांत काळे चौकोन जास्त आणि शब्द छोटे असतात ते यामुळे. अमेरिकी चौकट उचलून त्यात मराठी शब्द ओतता येत नाहीत. त्यासाठी अक्षर ओळखणारी लेखनसोय हवी, ऱ्हस्व-दीर्घाचा एक ठरवलेला नियम हवा, आणि रोज नवी सूचना लिहिणारं, इथल्या नद्या, पिकं, नाटकं माहीत असलेलं माणूस हवं. या माणसाला मोबदला देण्याची तयारी कुणी दाखवली, तर सांगलीत रचणारे मिळतील.

तोपर्यंत ज्यांच्या घरी नजर मंदावलेलं कुणी आहे त्यांच्यासाठी आम्ही ९ बाय ९ ची कोडी ए-फोर कागदावर काढतो. चौकोन दीड सेंटिमीटरचा, म्हणजे चौकट साडेतेरा सेंटिमीटरची. सूचना खाली मोठ्या टायपात, उत्तरं वेगळ्या कागदावर, घडी घालून. खर्च झेरॉक्सचा. ज्यांना स्वतः काढायचं आहे त्यांनी चौकट आधी वहीत पेन्सिलनं आखावी आणि सर्वांत लांब शब्द मधल्या आडव्या ओळीत बसवावा. बाकीचे शब्द त्यातून खाली-वर उतरत जातात.